पहारा आमच्या पोरांचा, हिशेब कोणी मागायचा? परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

दि. १४ जानेवारी २०२६
पारोळा तालुका, जि. जळगाव

महोदय,
जय हिंद.

मी भारतीय सेनेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. आता घरची कपाशी आणि मका बघतो. हे पत्र कपाशीच्या भावाबद्दल नाही आणि पेन्शनबद्दलही नाही. ते दक्षिण सुदानबद्दल आहे. पत्र आपल्या नावे असलं तरी जळगाव, धुळे, नंदुरबारच्या घराघरांत ते वाचलं जावं म्हणून उघड लिहितो आहे. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची निळी टोपी घालून तिकडे जाणारी पोरं याच घरांतली आहेत.

लिहिण्याचं तात्कालिक कारण सांगतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलं की पैशांची चणचण आहे, म्हणून जगभरातल्या नऊ शांतता मोहिमांमधले सुमारे एक चतुर्थांश सैनिक आणि पोलीस परत पाठवले जातील. म्हणजे तेरा-चौदा हजार माणसं. दक्षिण सुदानची मोहीम, जिला सगळे ‘अनमिस’ म्हणतात, तीही यात आहे. तिची सध्याची मुदत ३० एप्रिल २०२६ ला संपते आणि त्याआधी सुरक्षा परिषद पुढचा ठराव करील. त्याच वर्षी, २२ डिसेंबरला, त्या देशाची पहिली निवडणूक ठरलेली आहे. ज्या शांतता करारावर हे सगळं उभं आहे, तो करार गेल्या मार्चपासून कोसळत चालला आहे. अशा वेळी पहारा कमी होतो आहे आणि भारत, जो तिथे सर्वाधिक सैनिक पाठवणाऱ्या देशांपैकी एक आहे, त्याबद्दल आपल्याच लोकांशी काही बोलत नाही. हे मला गप्प बसून बघवत नाही.

वाचणाऱ्यांपैकी अनेकांना हा देश कुठे आहे तेही ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. दक्षिण सुदान ९ जुलै २०११ ला सुदानपासून वेगळा झाला. जगातला सर्वांत नवा देश. अडीच वर्षं होत नाहीत तोच, डिसेंबर २०१३ मध्ये, राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि त्यांचे माजी उपराष्ट्राध्यक्ष रिएक माचार यांच्या फौजा एकमेकींवर तुटून पडल्या. पुढच्या पाच वर्षांत युद्धाने, भुकेने आणि रोगराईने जवळपास चार लाख माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. २०१५ मध्ये एक करार झाला आणि २०१६ च्या जुलैत राजधानी जुबातच तो मोडला. मग १२ सप्टेंबर २०१८ ला अदिस अबाबात दुसरा करार झाला. आज जे काही शिल्लक आहे ते त्या दुसऱ्या कराराचं.

माझा संबंध कुठून येतो, तेही सांगतो. २०१९-२० मध्ये माझी पलटण मलाकालला होती. पांढऱ्या नाईलच्या काठचं गाव. युद्धात ते इतक्या वेळा या हातातून त्या हातात गेलं की गावात भिंती होत्या आणि छपरं नव्हती. माणसं राहत होती ती आमच्या छावणीला लागून, ताडपत्रीच्या झोपड्यांत, काटेरी तारेच्या आत. पंचवीस-तीस हजार जीव. त्या तारेवर आम्ही पहारा दिला. तेव्हा मोहिमेचे सेनापती लेफ्टनंट जनरल शैलेश तिनईकर होते. एक मराठी माणूस तिथल्या सगळ्या देशांच्या फौजांचा प्रमुख आहे, याचा आम्हाला अभिमान होता आणि आजही आहे. त्यांच्यानंतर २०२२ मध्ये लेफ्टनंट जनरल मोहन सुब्रमणियन आले, तेही भारतीयच. आज माझ्या चुलतभावाचा मुलगा तिकडे ड्युटीवर आहे. नेमका कुठे, ते इथे लिहीत नाही.

आता एकेक तक्रार मांडतो.

पहिली कपातीची. सैनिक किती ठेवायचे हे जमिनीवरच्या परिस्थितीवरून ठरायला हवं होतं, ते तिजोरीवरून ठरलं. शांतता मोहिमांच्या खर्चात अमेरिकेचा वाटा साधारण २६ टक्के आहे. तिची थकबाकी दोन अब्ज डॉलरच्या वर गेली आणि त्याची किंमत आता मलाकाल, बोर, बेंटिऊमधली माणसं मोजणार. कागदावर पंचवीस टक्के वाचायला सोपं वाटतं. छावणीत त्याचा अर्थ काय होतो, ते ज्याने ड्युटी लावली आहे त्याला विचारा. शंभर जणांच्या कंपनीतून पंचवीस गेले तरी गेटवरचा संत्री कमी करता येत नाही. टॉवरवरचा करता येत नाही. पाणी, जनरेटर, लंगर, रेडिओ यांवरची माणसं हलवता येत नाहीत. कमी होते ती गस्त. आमच्या वेळी तारेच्या आतल्या बाया लाकूडफाट्यासाठी बाहेर पडायच्या. चार-पाच जणींचा घोळका, हातात कोयता, पाठीला लेकरू. त्या निघणार त्या दिवशी आमची गाडी त्यांच्या वाटेवर उभी असायची. गाडी नसेल तर त्या बायांचं काय होतं, हे मोहिमेच्याच अहवालांत वर्षानुवर्षं लिहिलेलं आहे. शिवाय गस्त आटली की छावणीपासून दहा कोसांवर कोण जमलंय, कुणाचं गाव जळतंय, हे कळायचंच बंद होतं. डोळेच काढून घेतल्यावर निगराणी कशाची करणार?

दुसरी तक्रार सगळ्यांत मोठी आहे. या करारावर नजर ठेवायला यंत्रणा आहेत, पण त्यांच्या सांगण्याने कुणाचं काही बिघडत नाही. २०१८ च्या करारातल्या सातव्या प्रकरणाने एक देखरेख आयोग नेमला. कराराचं कुठलं कलम किती पाळलं गेलं ते तो तपासतो आणि अहवाल तिथल्या सरकारला, पूर्व आफ्रिकेच्या ‘इगाड’ संघटनेला, आफ्रिकन युनियनला आणि सुरक्षा परिषदेला देतो. युद्धबंदी मोडली का हे बघायला दुसरी पडताळणी यंत्रणा आहे, तिची पथकं गावोगाव जातात. वर अनमिस आहेच. अहवाल वाचले तर प्रामाणिक आहेत, स्पष्ट आहेत. मुदत संपली, काम झालं नाही, अमक्याने अडवलं, असं सरळ लिहिलेलं असतं. मग पुढे काय? आपल्याकडे गारपीट झाली की तलाठी बांधावर येतो, पंचनामा लिहितो, सही घेतो. भरपाईचा आदेश काढणाराच कुणी नसेल तर तो पंचनामा शेतकऱ्याने काय करायचा? दक्षिण सुदानात सात वर्षं नुसते पंचनामे चालले आहेत.

त्या पंचनाम्यालाही जाऊ देत नाहीत. डिसेंबर २०१८ मध्ये, कराराची शाई वाळत होती तेव्हा, जुबाजवळच्या लुरी इथे पडताळणी पथकातल्याच लोकांना सरकारी सुरक्षा दलांनी ताब्यात घेऊन मारहाण केली. आमचा अनुभव त्यामानाने किरकोळ, पण रोजचा होता. एकदा आमची गस्त नदीच्या बाजूच्या एका गावाकडे निघाली. तिथे गोळीबार झाल्याची खबर होती. रस्त्यात दोन रिकाम्या पिंपांना बांधलेली दोरी. दोरीपाशी एक पोरगा, सतरा-अठराचा असेल, पायात रबरी चपला, खांद्यावर एके-४७. आमच्याकडे चिलखती गाड्या होत्या, सुरक्षा परिषदेचा ठराव होता, कुठेही विनाअडथळा जाण्याचा लेखी हक्क होता. पोरग्याने फोन लावला. पलीकडून कुणी अधिकारी म्हणाला, थांबा. आम्ही दुपारभर उन्हात थांबलो. दिवस कलायला लागला तेव्हा निरोप आला की आज नाही, परवानगी घेऊन या. आम्ही परत फिरलो. बळ वापरायचं नाही, वाटाघाटीने जायचं, असे आदेश होते आणि ते बरोबरच होते, त्या पोरग्याशी आमचं वैर नव्हतं. पण तो फोन घेणाऱ्या अधिकाऱ्याला नंतर कुणी जाब विचारला? गस्त अडवल्याची नोंद महिन्याच्या अहवालात गेली, पुढच्या महिन्याच्या अहवालात तशाच आणखी नोंदी. दोरी तिथेच राहिली.

तिसरी तक्रार फौजेची. कराराचा कणा काय होता? दोन्ही बाजूंचे लढवय्ये एका छावणीत आणायचे, एकत्र प्रशिक्षण द्यायचं आणि त्यांतून एकच राष्ट्रीय फौज, पोलीस आणि इतर दलं उभी करायची. ८३ हजारांचं एकसंध दल. हे आठ महिन्यांत व्हायचं होतं. २०१९ च्या अखेरीस प्रशिक्षण केंद्रं सुरू झाली. त्यांतलं एक मी जवळून पाहिलं. काळ्या मातीचं पटांगण, पाऊस उघडून भेगा पडायला लागलेल्या. तीन रांगा. खांद्यावर रायफलऐवजी रायफलच्या मापाची लाकडं. निम्म्यांच्या पायात बूट नव्हते. कवायत मात्र मन लावून करत होते. माझी जिंदगी परेड ग्राउंडवर गेली, पाय एकत्र पडतोय की नाही हे मला बघावं लागत नाही, ऐकू येतं. त्यांचा पडत होता. आमच्याबरोबरच्या दुभाष्याने हळूच सांगितलं की पहिल्या रांगेतले काही एका बाजूचे आहेत, काही दुसऱ्या, आणि तीन वर्षांपूर्वी याच शहरासाठी ते एकमेकांवर गोळ्या झाडत होते. आता ते शेजारी उभे राहून लाकूड खांद्यावर घेत होते. शांतता करार प्रत्यक्षात कसा दिसतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

नंतर काय झालं? धान्य वेळेवर येईना. औषधं येईनात. पगाराचा पत्ता नाही. देशभरच्या केंद्रांतून माणसं उठून घरी गेली, काही जुन्या सरदारांकडे परतली. पहिली तुकडी बाहेर पडायला ऑगस्ट २०२२ उजाडलं, ठरल्यापेक्षा तीन वर्षांहून अधिक उशीर. त्यांतल्याही बहुतेकांना नेमणूक मिळाली नाही. सरकारचं म्हणणं असं की शस्त्रबंदीमुळे, म्हणजे देशात हत्यारं आणण्यावर सुरक्षा परिषदेने घातलेल्या बंदीमुळे, आम्ही त्यांना हत्यारं देऊ शकत नाही. पण २०२५ च्या मार्चमध्ये देशाच्या ईशान्येकडच्या नासिर भागावर हवाई हल्ले करायला साधनं कमी पडली नाहीत. हत्यारांची टंचाई एकसंध दलालाच का जाणवली, हा प्रश्न देखरेख करणाऱ्यांनी ठणकावून विचारायला हवा होता आणि त्यांच्या पाठीशी भारताने उभं राहायला हवं होतं. फौज एक झाली नाही म्हणूनच नासिर घडलं. तिथे लष्कराच्या ठाण्यावर सशस्त्र तरुणांनी कब्जा केला, ७ मार्चला जखमी सैनिकांना न्यायला उतरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या हेलिकॉप्टरवर गोळीबार झाला, चालक दलातला एक जण मारला गेला. त्याच महिन्यात युगांडाची फौज सरकारच्या मदतीला आली आणि रिएक माचार नजरकैदेत गेले.

राजकीय बाजूबद्दल फार लांबवत नाही. सप्टेंबरमध्ये माचार यांच्यावर देशद्रोहाचे आणि खुनाचे आरोप ठेवून जुबात खटला सुरू झाला. ते दोषी आहेत की नाही हे ठरवणारा मी कोण? पण करारावर सही करणारे दोन मुख्य पक्ष, त्यांतल्या एकाने दुसऱ्याला कोठडीत टाकलं आणि करार चालू आहे असं सांगितलं, तर हमीदारांनी काही म्हणायला हवं की नको? कायमची राज्यघटना अजून नाही. युद्धातल्या अत्याचारांसाठी आफ्रिकन युनियनच्या साहाय्याने जे संमिश्र न्यायालय उभं करायचं होतं, ते नाही. उलट २०२४ मध्ये गुप्तचर यंत्रणेला वॉरंटशिवाय अटकेचा अधिकार कायम ठेवणारा कायदा झाला. निवडणूक आधी डिसेंबर २०२४ ला होती, ती दोन वर्षं पुढे ढकलली. आता ती घ्यायची म्हटलं तर मतदान केंद्रावर बंदोबस्ताला पोलीस कुणाचे असतील?

चौथी तक्रार थेट आपल्या मंत्रालयाकडे आहे, महोदय. २०२१ आणि २०२२ ही दोन वर्षं भारत सुरक्षा परिषदेत होता. दक्षिण सुदानवरच्या शस्त्रबंदीला मुदतवाढ देण्याचा ठराव दोन्ही वर्षी आला आणि दोन्ही वर्षी भारत तटस्थ राहिला. प्रगतीची दखल घेतली पाहिजे, निर्बंधांनी एकत्रित फौजेच्या कामात अडचण येऊ नये, अशी भूमिका त्यामागे होती. ती भूमिका मी समजू शकतो. लाकूड खांद्यावर घेतलेली ती पोरं पाहिल्यावर मलाही वाटलं होतं की यांना खरी रायफल मिळायला हवी. पण मग भारताने पुढचं वाक्यही बोलायला हवं होतं: बंदी शिथिल करायची तर कोणत्या अटीवर, कोण तपासणार, अट मोडली तर काय? ते वाक्य आम्ही कधी ऐकलं नाही. मे २०२५ मध्ये हीच मुदतवाढ नऊ विरुद्ध शून्य अशी झाली, सहा देश तटस्थ. ठराव मंजूर व्हायला नऊच मतं लागतात. एक मत कमी पडतं तर बंदी उठली असती आणि आपल्या पोरांच्या समोर उभ्या असलेल्या दोन्ही बाजूंकडे खुलेआम हत्यारं येऊ लागली असती. ज्या देशाचे सैनिक त्या रेषेवर उभे आहेत, त्या देशाला याबाबत ठाम मत असलंच पाहिजे.

यालाच जोडून तेलाचा मुद्दा. दक्षिण सुदान सरकारच्या महसुलात साधारण नव्वद टक्के तेलाचा आहे. आपल्या सरकारी मालकीच्या ओएनजीसी विदेशची तिथल्या तेलक्षेत्रांत भागीदारी आहे. त्यात गैर काही नाही, देशाला तेल लागतं. पण कराराच्या चौथ्या प्रकरणात तेलाच्या पैशाचा हिशेब पारदर्शक ठेवण्याचं वचन आहे. तेलाच्या पैशातून रस्ते बांधायची योजना निघाली. दक्षिण सुदानसाठी नेमलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार आयोगाने सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितलं की त्यात गेलेल्या २.२ अब्ज डॉलरपैकी १.७ अब्ज डॉलरचा हिशेब लागत नाही. त्या रस्त्यांवरून मी गेलो आहे. पावसाळ्यात चाक रुतलं की ट्रॅक्टरनेही निघत नाही, सहा-सहा महिने गावं तुटलेली असतात, धान्य विमानातून टाकावं लागतं. २०२५ मध्ये त्या देशातले सुमारे ७७ लाख लोक तीव्र अन्नटंचाईत होते. सैनिकाला वर्षवर्ष पगार नाही, म्हणून तो दोरी बांधून वाटसरूंकडून पैसे घेतो. हा पैसा कुठे जातो याची निगराणी हीसुद्धा सुरक्षेचीच निगराणी आहे.

पाचवी तक्रार घरच्या लोकांची. एप्रिल २०१३ मध्ये जोंगलेई राज्यात गुमुरुकजवळ दबा धरून झालेल्या हल्ल्यात आपले पाच सैनिक पडले. त्याच वर्षी डिसेंबरात अकोबोच्या ठाण्यावर जमाव चालून आला, तिथे आश्रयाला आलेले नागरिक आणि आपले दोन सैनिक मारले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांत आजवर भारताचे १८० च्या आसपास सैनिक गेले आहेत. शव येतं, मानवंदना होते, पालकमंत्री येतात. पण त्या मोहिमेचं पुढे काय झालं, ज्या करारासाठी तो उभा होता तो पाळला गेला का, हे त्या घरी येऊन कुणी सांगत नाही. आमच्या पारावर म्हातारी माणसं मला विचारतात, “तठे आपला पोरे कसाले धाडतस?” मी माझ्यापरीने सांगतो. तारेआडच्या लेकरांबद्दल सांगतो, आपल्या पलटणीतल्या पशुवैद्यांकडे बैल घेऊन आलेल्या गुराख्यांबद्दल सांगतो, आणि ऐकताना माणसं मान डोलावतात. पण “मंग आते कसं शे?” असं विचारलं की माझ्याकडे सरकारने दिलेलं काहीच उत्तर नसतं. धुळे-जळगाव हायवेच्या कडेने पहाटे भरतीसाठी पळणारी पोरं रोज दिसतात. त्यांतली काही उद्या त्या टॉवरवर असतील. त्यांच्या आईबापांना हे कळायला नको का?

एक आक्षेप मला ठाऊक आहे, तो दिल्लीतही घेतला जातो. दुसऱ्याच्या घरात किती लक्ष घालायचं? आपणही परक्यांच्या अमलाखाली होतो, बाहेरच्यांनी येऊन शिकवलेलं आपल्याला आवडत नाही. हा आक्षेप मी मनापासून मानतो. पण इथे कुणी लादलेलं नाही. करार त्यांनी स्वतः केला, त्यात देखरेख त्यांनी स्वतः लिहिली, सह्या केल्या आणि साक्षीदार बोलावले. मलाकालच्या तारेआडच्या माणसांनी त्या सह्यांवर विश्वास ठेवून घरी परतायची तयारी केली. सार्वभौम हक्क त्यांच्या सरकारचा आहे तितकाच या माणसांचाही आहे.

आणि नीट केलेली निगराणी फळते, याची उदाहरणं आपल्या ओळखीची आहेत. नेपाळमध्ये २००७ पासून संयुक्त राष्ट्रांच्या पथकाने माओवाद्यांची हत्यारं छावण्यांतल्या कंटेनरमध्ये बंद करवली, एकेक लढवय्या तपासला आणि १९,६०२ जणांची यादी पक्की केली. वाद झाले, वेळ लागला, पण शेवटी त्यांतले सुमारे चौदाशे राष्ट्रीय सैन्यात गेले, बाकीचे पैसे घेऊन घरी गेले आणि युद्ध परत आलं नाही. लायबेरियात जुनी फौज मोडून नवी छोटी फौज उभी केली, पोलीस नव्याने घडवले. तिथे २००७ मध्ये आपल्या केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या महिलांची तुकडी गेली, संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातली पहिली पूर्ण महिला पोलीस तुकडी. त्यांना मोनरोव्हियाच्या रस्त्यांवर पाहून तिथल्या मुली पोलिसांत भरती होऊ लागल्या. जानेवारी २०१८ मध्ये तिथे एका निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाने दुसऱ्याकडे शांतपणे सत्ता सोपवली आणि मार्चमध्ये मोहीम बंद झाली. दोन्हीकडे कामाची मोजणी होती आणि ते शेवटापर्यंत नेलं गेलं. दक्षिण सुदानात हेच राहून गेलं.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

३० एप्रिलच्या आधी भारताने सुरक्षा परिषदेला लेखी कळवावं की सैनिक कपात ठाण्यांवरच्या धोक्याचा विचार करून व्हावी, सरसकट टक्क्यांनी नव्हे. मलाकाल, बोर यांसारख्या ठिकाणची गस्त, हेलिकॉप्टर आणि जखमींना हलवण्याची सोय यांना हात लावू नये. सैनिक देणाऱ्या देशांशी सल्लामसलतीचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या कलम ४४ मध्ये आहे आणि २००१ च्या ठराव १३५३ मध्येही आहे. गेल्या ऑक्टोबरात नवी दिल्लीत सैनिक देणाऱ्या देशांच्या लष्करप्रमुखांची परिषद आपणच भरवली होती. त्या देशांना सोबत घेऊन हा हक्क वापरा.

नव्या ठरावात मोजता येतील अशा अटी याव्यात, असा आग्रह भारताने धरावा: एकसंध दलाच्या किती तुकड्या कोणत्या तारखेपर्यंत नेमल्या, त्यांना पगार मिळाला का, पडताळणी पथकं आणि गस्ती किती वेळा आणि कुणी अडवल्या. अडवणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव अहवालात यावं आणि त्याच्यावर प्रवासबंदीसारखी वैयक्तिक कारवाई व्हावी. साऱ्या देशाला शिक्षा नको. ती आधीच उपाशी असलेल्यांना भोगावी लागते.

शस्त्रबंदीची मुदत ३१ मे २०२६ ला संपते. भारत आज परिषदेत नाही, पण आपली भूमिका काय ती जाहीर करा, अटींसह.

ओएनजीसी विदेशने तिथल्या सरकारला दरवर्षी किती रक्कम दिली, कोणत्या खात्यात दिली, ते प्रसिद्ध करावं. इतर देशांच्या कंपन्यांनीही तसंच करावं, हे सांगण्याचा अधिकार आपल्याला तेव्हाच येईल.

आणि संसदेत दर सहा महिन्यांनी एक निवेदन द्या. आपले सैनिक कुठे आहेत हे बारीक सांगू नका, ते सांगायचं नसतं. मोहिमेने काय साधलं, काय अडलं, भारताने त्याबद्दल काय केलं, एवढं सांगा. ते मराठीसह सगळ्या भाषांत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत ठेवा, म्हणजे ज्याचं पोरगं तिकडे आहे त्याला धुळ्याला किंवा जळगावला जाऊन वाचता येईल.

या पत्राची प्रत जळगाव, रावेर, धुळे आणि नंदुरबार या चारही मतदारसंघांच्या खासदारांना पाठवतो आहे. अर्थसंकल्पी अधिवेशन थोड्याच दिवसांत सुरू होईल आणि ते एप्रिलपर्यंत चालतं, म्हणजे ठरावाच्या आधी प्रश्न विचारायला वेळ आहे. खासदारांना विनंती अशी की वरच्या मागण्यांपैकी निदान निवेदनाची मागणी तारांकित प्रश्न म्हणून मांडावी. ज्या घरातलं कुणी शांतिसेनेत गेलेलं आहे किंवा जाऊन आलेलं आहे, त्यांनीही आपापल्या खासदाराला याच आशयाचं पत्र टाकावं. मंत्रालयाकडून उत्तर आलं तर ते मी आमच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावीन आणि पारावर वाचून दाखवीन.

आपला,
एक निवृत्त सुभेदार
पारोळा तालुका, जि. जळगाव